मुंगूस, बगळा आणि दत्तूआबा

बत्तीस वर्षं मी मुरबाड तालुक्यातल्या शाळांमधून मास्तरकी केली आणि दर पालकसभेत एक वाक्य न चुकता म्हटलं, "पोरांना कार्टून दाखवू नका, डोकी बिघडतात." पालक माना डोलवायचे आणि घरी जाऊन टीव्ही लावून द्यायचे. मग मी निवृत्त झालो, आणि शेजारच्या घरात खाटेला खिळलेल्या एका एसटी कंडक्टरनं मला रोज सकाळी अकरा वाजता कार्टून बघायला बसवलं. असा तोंडावर आपटलेला मास्तर तालुक्यात दुसरा नसेल.

ते कंडक्टर म्हणजे दत्तूआबा. मुरबाडच्या स्टँडमागे आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका. पण माझी त्यांची ओळख शेजाराच्या आधीची, गाडीतली. माझी पहिली शाळा वैशाखऱ्याला होती आणि माळशेज घाटाच्या रस्त्यावरची सकाळची गाडी आबांची. उंची बेताची, आवाज मात्र टपावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. "पुढं सरका, पुढं सरका, मागं काय ठेवलंय तुमचं?" हे त्यांचं पालुपद. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, तरी आबा तेच म्हणायचे. "पुढं सरक रे, मागं काय ठेवलंय?" गंमत अशी की ऐकणाऱ्याला बरं वाटायचं.

घंटीच्या दोरीवर त्यांचा जीव. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. आणि तीन म्हणजे गाडी भरली, आता मधे कुठल्याही थांब्यावर थांबू नकोस, सरळ जा. हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं, जसं काही मी उद्यापासून त्यांच्या जागी रुजू होणार होतो.

एकदा गाडी खच्चून भरलेली. एका फाट्यावर एक बाई चढली, छातीशी नऊ दिवसांचं बाळ, बाळंतीण दवाखान्यातून घरी निघालेली. आबा ओरडले, "कोन उठतंय?" कुणी उठेना. मी दुसऱ्या बाकावर होतो आणि माझ्या तोंडासमोर वर्तमानपत्र होतं. खोटं कशाला सांगू, ते मी मुद्दाम जरा वर धरलं. आबांनी एक घंटी दिली. गाडी थांबली. "आता ही हालनार नाय," ते म्हणाले आणि दारातल्या पायरीवर बसून खिशातले चणे खाऊ लागले. लोक ओरडले, एका पुढाऱ्यानं तक्रारीची धमकी दिली, ड्रायव्हरनं हात जोडले. आबा चणे चावत राहिले. वीस मिनिटांनी ते माझ्यापाशी आले, पेपर बोटानं खाली केला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, पोरांना काय शिकवता शाळेत?" मी उठलो. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मुख्याध्यापकांची बोलणीही खाल्ली. माणूस एकदा अडला की अडला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आबा निवृत्त झाले, आबांची बायको गेली, आणि पुढल्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज मात्र पूर्ण शाबूत. ज्या माणसानं आयुष्यभर साठ माणसांना एका आवाजात पुढं सरकवलं, तो आता स्वतः कुशीवर वळायला सुनेची वाट बघत होता. पुढच्या खोलीत, गजांच्या खिडकीपाशी त्यांची खाट. खिडकीतून स्टँडची भिंत दिसायची आणि भिंतीपलीकडून दिवसभर गाड्यांचे आवाज. मला वाटतं ती खाट तिथं टाकायला नको होती. पण दुसरी जागाच नव्हती.

सुनेचं नाव मनीषा. तिनंच त्यांच्या डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. एकदा वाजवलं की नाही, दोनदा वाजवलं की हो. कंडक्टरला हे शिकवावं लागलं नाही. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. चहा? टण टण. पाठीला तेल लावू? टण टण. देवाची मालिका लावू? टण. बातम्या? टण, आणि तोही जोरात.

कार्टून लागलं ते नातीमुळे. परी तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत, दुपारची शाळा. सकाळी तिचं एक ठरलेलं कार्टून असायचं, त्यात एक लठ्ठ मुंगूस आणि एक एका पायावर उभा राहणारा बगळा. पाच-सहा मिनिटांची गोष्ट आणि कुणीही एक अक्षर बोलत नाही. मुंगूस दर वेळी कशात तरी अडकायचा, कधी नळकांड्यात, कधी मडक्यात, कधी कोळ्याच्या जाळ्यात. बगळा बाजूला उभा. मी पेपर वाचून दाखवायला गेलो होतो, तर आबांनी चमच्यानं मला गप्प केलं आणि टीव्हीकडे बोट केलं. मी मनात म्हटलं, झालं, डोकंही गेलं.

तसं नव्हतं. बाकी सगळीकडे लोक बोलत होते आणि आबा मागे पडत होते. त्या पाच मिनिटांत मात्र कुणालाच बोलता येत नव्हतं, आणि तरी सगळ्यांना सगळं कळत होतं. माझ्या हे लक्षात यायला महिना लागला. परीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिनंच एक शोध लावला होता. अडकलेल्या मुंगसाची दर वेळी चार तोंडं होतात. पहिलं रागाचं, मडक्याला लाथा मारतो. दुसरं रडीचं. तिसरं गप्प, नुसता बसून राहतो. आणि चौथं, तो इकडेतिकडे बघायला लागतो. मग बाहेर पडतो, कधी हुशारीनं, बहुतेक वेळा योगायोगानं. "पन चौथं तोंड केल्याबिगर तो कदीच सुटत नाय, मास्तरआजोबा," परीनं मला बजावलं. मी हळूच विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? तर म्हणाली, "बघून कळतं ना."

त्या घरात मग तीच भाषा झाली. परी शाळेतून आली की विचारायची, "आबा, आज कितवं?" आणि आबा डाव्या हाताची बोटं दाखवायचे. सुरुवातीला बरेच दिवस एक. एकदा तर त्यांनी भाताची थाळी भिंतीवर भिरकावली, आणि आवाज ऐकून मी गेलो तेव्हा मनीषा खाली बसून शितं वेचत होती, मान वर न करता. दुसऱ्या दिवशी कार्टूनमध्ये मुंगसानं बगळ्यानं आणलेला मासाच लाथाडला. आबा हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडानं, घशातून विचित्र आवाज काढत. मग त्यांनी चमच्यानं मुंगसाकडे दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठोकलं, आणि मनीषाकडे बघत राहिले. एवढी सरळ माफी मी शब्द असलेल्या माणसाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः बायकोची कधी मागितली नाही.

मनीषा त्यानंतर स्वतःचा आकडाही सांगायला लागली. "आबा, आज माजं दोन हाय, जरा उशिरा अंघोळ घालते." आबा टण टण करून सवलत द्यायचे. पूर्वी त्या घरात असं कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे सून आजारी असली तर तिनं पडून राहावं, पण दमलेय म्हणायचं नाही, अशी रीत. मुंगसानं ती मोडली.

मनीषा बारावी विज्ञान शिकून लग्न होऊन आलेली. नर्सिंग करायचं तिच्या मनात पहिल्यापासून. आबांचं सगळं करून करून हात इतका बसला की दवाखान्यातली नर्ससुद्धा तिला विचारायची, कुठं शिकलीस? त्या वर्षी तिनं गुपचूप फॉर्म भरला आणि कल्याणच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं. सकाळी साडेसहाच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी सात वाजता परत, दोन वर्षं. नवरा संदीप कंपनीत, तोही दिवसभर बाहेर. परीला आमची ही सांभाळायला तयार होती. अडलं होतं एकाच ठिकाणी. आबांना कोण उचलणार? माझी पाठ कामातून गेलेली. दिवसभराचा माणूस शोधला, तो आठवड्यात पळाला.

एक दार होतं, पण ते आबांनीच स्वतःच्या हातानं लावून घेतलेलं. मुलगी वनिता शहापूरला दिलेली. जावयाची पिठाची गिरणी, मागे ऐसपैस घर, घरात कायम माणसं. लकवा झाल्या दिवसापासून ती सांगत होती, बाबा, माझ्याकडं या. पण आबा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं खायचं नाही. नोकरीत असताना शहापूरची ड्यूटी लागली की ते वनिताच्या दारापर्यंत जायचे, तांदळाची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायचे, आणि पाणी स्टँडवर येऊन प्यायचे. तिला दोन मुलं झाली तरी नेम मोडला नाही. "बाप लेकीच्या दारात पावना, बिऱ्हाडकरू नाय," हे त्यांचं वाक्य सगळ्या आळीला पाठ. लकव्यानंतर वनितानं तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा टण. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

"आबांना सांगू नका," मनीषानं मला कॉलेजचं पत्र दाखवून म्हटलं. "उगा जीवाला लावून घेतील. मी जात नाय, मला ठावं हाय. नुसतं बघून ठेवते." ते तिनं घडी करून तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. त्या घरात दोन माणसं अडकली होती आणि एकमेकांचं कुलूप झाली होती, हे मला दिसत होतं, आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

आबांना कळायचं ते कळलंच. परीच्या पोटात काही राहत नाही. त्या दिवसापासून आबांनी मनीषाच्या हातचा घास घेणं बंद केलं. ती घास पुढे करायची, तोंड घट्ट मिटलेलं, चमचा एकदा, टण. माझ्या हातून मात्र दोन घास खायचे. संध्याकाळी संदीपच्या हातून. उरलेला वेळ डाव्या हातात चमचा धरून स्वतःच वरण तोंडापर्यंत न्यायचे, अर्धं अंगावर सांडायचे. मनीषा पुसायला गेली की टण. तीन दिवस हे चाललं. परीनं विचारलं, "आबा, कितवं?" तर चार बोटं. मला वाटलं, थट्टा करतायत.

आणि इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. मुलांच्या वहीत नसलेला अर्थ काढायची जन्माची खोड. मनीषा मोरीपाशी भांडी घासत होती, मी तिला बाजूला गाठून म्हटलं, "बेटा, आबांना तुझं जाणं पसंत दिसत नाही. माहीतच आहे तुला, माणूस एकदा अडला की अडतो." ती हातातलं पातेलं फार वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." त्या वाक्यासाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

प्रवेशाला दोन दिवस उरले होते. अकरा वाजता कार्टून लागलं. मुंगूस खोल खड्ड्यात पडलेला. बगळ्यानं काठावरून एक पाय खाली सोडला, मुंगसानं तो गच्च धरला. बगळ्याला ना तो वर ओढता येईना, ना स्वतःला उडता येईना. वरून बगळ्यांचा थवा निघाला. मुंगूस थव्याकडे बघतो, बगळ्याकडे बघतो, आणि पाय सोडून देतो. बगळा तरी उभाच. मुंगूस त्याला पंजानं ढकलल्यासारखं करतो, जा. बगळा जातो. मुंगूस खाली बसतो, आणि इतका वेळ वरच बघत होता म्हणून न दिसलेलं एक बीळ त्याला बाजूला दिसतं.

आबा पेला बडवू लागले. परीनं मोबाइलवर तीच गोष्ट पुन्हा काढली. पाय सोडायची जागा आली की आबा टण करायचे, परी चित्र थांबवायची. तीनदा असं झालं. आवाजानं मनीषा ओले हात घेऊन बाहेर आली. आबांनी चमचा मुंगसावर टेकवला, मग स्वतःच्या छातीवर. मग बगळ्यावर, आणि मग सरळ मनीषाकडे धरला. मी अजूनही बघतच होतो. मग त्यांनी चित्र पुढं सरकवायला लावलं, बिळावर चमचा ठेवला, आणि हात उचलून भिंतीकडे नेला. भिंतीवर वनिताच्या लग्नाचा फोटो होता.

मनीषाला माझ्याआधी कळलं. ती खाटेपाशी येऊन बसली. "नाय आबा. मला समजलं, पन मी नाय ऐकनार. जलमभर तुमी त्यांच्या घरचं पानी नाय पिलात. माज्यासाठी नेम मोडायचा नाय."

टण.

"वनिताताईंकडं राह्यचं? खरंच?"

टण टण.

"मन मारून?"

टण. आणि मग त्यांनी डाव्या हातानं सांडलेल्या वरणाचा तो चमचा उचलून तिला दाखवला, रिकामाच तोंडाशी नेला, खाली ठेवला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस ते तिच्यावर रागावले नव्हते. ती नसताना जेवायची सवय करत होते. मी ज्याला अडणं म्हटलं ते सोडणं होतं. मी तिथंच, परीच्या देखत, रडलो. परीनं माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "मास्तरआजोबांचं दोन."

मनीषानं तांदळाच्या डब्यामागून पत्र काढलं. त्या दिवशी तिच्या हातचा वरणभात आबांनी पोटभर खाल्ला.

कॉलेज सुरू व्हायच्या सोमवारी पहाटेच जीप दारात आली. वनिता आणि जावई न्यायला आलेले. आबांना चौघांनी उचलून मागच्या सीटवर बसवलं, उशा लावल्या. पेला आणि चमचा त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही, मांडीवर धरून बसले. मनीषा पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पिशवी. स्टँड दोन मिनिटांवर, तिची गाडी लागलेली. पण तिचा पाय निघेना. वनिताला औषधं समजावून सांगितली. मग परत येऊन रात्रीची गोळी वेगळी दाखवली. निघाली, कोपऱ्यावरून वळून आली, टॉवेल विसरला होता. पुन्हा निघाली, पुन्हा आली, या वेळी आणायला काहीच नव्हतं. जीपच्या खिडकीपाशी नुसती उभी राहिली. परीनं खालून विचारलं, "आबा, कितवं?" आबांनी दोन बोटं वर केली. जरा थांबून आणखी दोन.

स्टँडवर गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मनीषानं खिडकीची कडा धरली होती. "आबा, मी शनिवारी येते, हां? मधे सुट्टी पडली तर मधे पन येते. नायतर असं करते, आज राहू दे, उद्यापासून..."

आबांनी पेला उचलला. टण. टण. टण.

ती कंडक्टरची सून. तिला तीनचा अर्थ सांगावा लागला नाही. खिडकीची कडा सोडून ती वळली आणि कोपऱ्यापर्यंत पळत गेली, पांढरी ओढणी मागे उडत होती, आणि या वेळी तिनं मान वळवली नाही. आबा ती दिसेनाशी होईपर्यंत काचेतून बघत राहिले. मग समोर बघितलं, बाही डोळ्यांवर घासली आणि दोनदा वाजवलं. जीपचा ड्रायव्हर नवा मुलगा, त्याला काही कळेना, तो आरशातून बघत बसला.

"सोड रे गाडी," मी म्हटलं. "कंडक्टरनं डबल दिलीय."